कृतज्ञतेचा सराव

आपल्याला लाभलेल्या चांगल्या गोष्टी आणि त्यांमागची माणसे यांची ठरवून आठवण करणे, ती लिहून ठेवणे किंवा त्या व्यक्तीला बोलून दाखवणे, या कृतींना मानसशास्त्रात कृतज्ञतेचा सराव म्हटले जाते. उपकाराची जाण ठेवावी ही शिकवण फार जुनी आहे. रोमन तत्त्वचिंतक सेनेका याने इ. स. पहिल्या शतकात केवळ उपकार या विषयावर सात भागांचा ग्रंथ लिहिला, आणि देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही भारतीय कल्पना त्याहूनही प्राचीन आहे. मात्र या जाणिवेचा लाभ जाण ठेवणाऱ्यालाच किती होतो, हे प्रयोग करून पाहण्याला खरी चालना मिळाली ती एकविसाव्या शतकात.

त्यांतला सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट पाडले होते. दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, एका गटाने कृतज्ञ वाटावे अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी लिहायच्या आणि तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटू लागले आणि शारीरिक तक्रारीही कमी झाल्या. स्नायू व मज्जातंतूंच्या विकारांसह जगणाऱ्या प्रौढांवर केलेल्या आणखी एका प्रयोगात झोपही सुधारलेली दिसली. प्रेरणादायी व्याख्यानांत या अभ्यासाचा हवाला वारंवार येतो. पण अनेक मोजमापांत फरक ठळक दिसला तो कटकटी लिहिणाऱ्यांच्या तुलनेत, हा तपशील तिथे सहसा गाळला जातो. कुरकुर लिहून काढणाऱ्यापेक्षा कोणीही बराच म्हणायचा.

मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दोन प्रकारांची तपासणी केली. ज्याचे आभार मानायचे राहून गेले अशा माणसाला पत्र लिहून ते स्वतः नेऊन देणे, हा पहिला. त्याने आनंदात मोठी वाढ झाली, पण ती महिनाभरच टिकली. रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी व त्यांची कारणे लिहिणे, हा दुसरा. त्याचा परिणाम सावकाश दिसला आणि सहा महिन्यांनंतरही टिकून होता. तो प्रामुख्याने अशांत दिसला ज्यांनी नेमून दिलेला आठवडा संपल्यावरही आपणहून लिहिणे चालू ठेवले. तरी रोजचा नेम म्हणजेच जास्त लाभ, असेही नाही. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या गटाला आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झालेला दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. तोच तो पाढा गिरवला की त्यातला जीव जातो, असा त्याचा अर्थ लावला जातो.

सरावाने नेमके काय होते, याची एक उकल लक्षाशी निगडित आहे. मन सुखसोयींना लवकर सरावते. आठवण करणे हा त्या सवयीवरचा उतारा आहे. रात्री डोळा लागण्यापूर्वी येणारे विचार कमी घोर लावणारे असले तर झोप चांगली लागते, हाही एक दुवा अभ्यासांत आढळला आहे. पण अधिक वजनदार उकल नात्यांची आहे. सारा अल्गो यांच्या मते कृतज्ञता आपल्या हिताची काळजी वाहणारी माणसे हेरायला, त्यांची आठवण ठेवायला आणि त्यांच्याशी बांधून राहायला मदत करते. या दृष्टीने वहीत लिहिलेल्या आभारांपेक्षा समोर जाऊन मानलेले आभार जास्त काम करतात. लोक मात्र तेच टाळतात. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये दाखवले, की आभाराचे पत्र लिहिणारा, वाचणाऱ्याला अवघडल्यासारखे होईल अशी भीती वाढवून धरतो आणि त्याला होणारा आनंद कमी लेखतो.

कृतज्ञतेला लागूनच ओशाळेपणा उभा असतो. फिलिप वॉटकिन्स यांच्या प्रयोगांत, देणारा परतफेडीची जितकी अपेक्षा धरतो असे वाटले, तितकी कृतज्ञता घटली आणि देणेकरी असल्याची भावना वाढली. ‘उपकाराचे ओझे’ म्हणतात ते हेच. अमेरिकी आणि भारतीय सहभागींची तुलना करणाऱ्या २०१७ मधील एका अभ्यासात, कृतज्ञतेचे पत्र लिहिल्यावर भारतीयांना बरे वाटण्यासोबत खिन्नता आणि अपराधीपणाही जाणवला. आईवडिलांचे पांग फेडता येत नाहीत, ही धारणा ज्या घरांत रुजलेली आहे तिथे हा निष्कर्ष फारसा अनपेक्षित नाही. जपानमध्ये योशिमोतो इशिन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास घडवलेली ‘नाइकान’ पद्धत तर ही बोच टाळतच नाही. आठवडाभर एकांतात बसून साधक आईपासून सुरुवात करून एकेका व्यक्तीबाबत तीन प्रश्न स्वतःला विचारतो : तिच्याकडून मला काय मिळाले, मी तिला काय दिले, आणि मी तिला कोणता त्रास दिला? तिने मला दिलेला त्रास हा चौथा प्रश्न मुद्दामच वगळलेला आहे.

परिणामाच्या आकाराबाबत संयम बाळगावा लागतो. अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणांत सरावाचा लाभ खरा, पण लहान आढळतो. दुसऱ्या एखाद्या मनाला उभारी देणाऱ्या उपक्रमाशी तुलना केली तर तो वरचढ ठरत नाही. क्रेग आणि चीव्हन्स यांनी २०२१ मध्ये २७ अभ्यासांचा आढावा घेऊन नैराश्य व चिंतेवरील उपाय म्हणून केवळ याची शिफारस करू नये, असे सुचवले. उपचार चालू असताना पूरक म्हणून केलेले लेखन ही वेगळी बाब आहे. समुपदेशन घेणाऱ्या सुमारे ३०० जणांच्या एका अभ्यासात, पत्र लिहिणाऱ्यांची मनःस्थिती बारा आठवड्यांनंतर इतरांपेक्षा बरी होती. अमेरिकेतील ४९,२७५ वृद्ध परिचारिकांच्या पाहणीत (२०२४) सर्वांत कृतज्ञ गटाचा मृत्युधोका सर्वांत कमी कृतज्ञ गटापेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी कमी आढळला. तो सहसंबंध आहे, त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. अन्याय किंवा छळ सोसणाऱ्याला ‘जे आहे त्यात समाधान मान’ असे सांगण्यासाठी या संशोधनाचा आधार घेतला जातो, तेव्हा तो गैरवापरच ठरतो; प्रयोगांतील कोणाही सहभागीला आपल्या तक्रारी सोडून द्यायला सांगितलेले नव्हते.