न्यायसहायक लेखापरीक्षण आणि अंतर्गत नियंत्रण

आर्थिक गैरव्यवहाराचा संशय आल्यावर किंवा वाद उभा राहिल्यावर, न्यायालयात टिकेल असा पुरावा हिशेबांतून शोधून काढण्याच्या पद्धतीला न्यायसहायक लेखापरीक्षण किंवा फॉरेन्सिक ऑडिट म्हणतात. असा गैरव्यवहार मुळात घडू नये आणि घडलाच तर लवकर उघडकीस यावा, म्हणून संस्थेत कामाची जी रचना केलेली असते ती अंतर्गत नियंत्रण होय. पहिल्या संज्ञेसाठी ‘न्यायवैद्यक’ हा शब्दही कधी कधी वापरला जातो. मात्र वैद्यकाशी या कामाचा काहीच संबंध नसल्याने तो टाळलेला बरा.

नेहमीच्या लेखापरीक्षणात काही व्यवहार नमुन्यादाखल तपासून आर्थिक पत्रके वास्तवाला धरून आहेत की नाहीत, यावर मत दिले जाते. १८९६ साली किंग्स्टन कॉटन मिल प्रकरणात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने लेखापरीक्षकाला राखणदार कुत्रा म्हटले होते, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. त्यानंतर लेखापरीक्षकाकडून असलेल्या अपेक्षा बऱ्याच वाढल्या, तरी फरक समजून घ्यायला ही उपमा अजून उपयोगी पडते, कारण न्यायसहायक लेखापरीक्षक नेमका मागच काढतो. नमुन्यावर न थांबता तो संशयास्पद व्यवहारांच्या साखळीतली प्रत्येक कडी तपासतो आणि पैसा अखेर कोणाच्या खात्यात पोचला, तिथपर्यंत जातो.

विश्वासाने सोपवलेल्या पैशाचा अपहार माणसे का करतात, याचा अभ्यास अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी १९५३ मध्ये मांडला. त्यातून पुढे ‘फसवणुकीचा त्रिकोण’ ही कल्पना रूढ झाली. इतरांना सांगता न येणारी आर्थिक अडचण, संधी आणि ‘मी हे पैसे परत भरणारच आहे’ अशी स्वतःची घातलेली समजूत या त्याच्या तीन बाजू होत. कर्मचाऱ्याचे कर्ज किंवा त्याचे मन संस्थेच्या ताब्यात नसते. संधी बऱ्याच अंशी असते, आणि अंतर्गत नियंत्रणाचा सगळा भर तिच्यावरच आहे.

कामाची विभागणी हा या नियंत्रणाचा कणा आहे. खर्चाला मंजुरी देणारा, पैसे हाताळणारा आणि वहीत नोंद करणारा, हे तिघे वेगवेगळे असावे लागतात. मग अपहार करायचा तर किमान दोघांना संगनमत करावे लागते. बेअरिंग्ज या ब्रिटिश बँकेच्या सिंगापूर शाखेत सौदे करणे आणि त्या सौद्यांची जुळवणी पाहणे, ही दोन्ही कामे निक लीसन यांच्याच हाती होती. तोटा ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात दडवला गेला आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये सुमारे ८३ कोटी पौंडांच्या नुकसानीमुळे बँक बुडाली. एका माणसाकडे एवढी सत्ता एकवटल्याचे बँकेच्याच अंतर्गत लेखापरीक्षणाने १९९४ मध्ये नोंदवले होते, पण त्यावर वेळीच कारवाई झाली नाही.

वसुली कारकुनाचे उदाहरण घेतल्यास हे जवळून दिसते. एका ग्राहकाने भरलेली रक्कम तो खिशात घालतो; दुसऱ्या ग्राहकाचे पैसे आले की ते पहिल्याच्या खात्यात जमा दाखवतो, तिसऱ्याचे दुसऱ्याच्या. ही फिरवाफिरवी रोज सांभाळावी लागत असल्याने तो रजा घेत नाही, आणि वरिष्ठांना मात्र तो फार कष्टाळू वाटतो. सक्तीची सलग रजा व आलटूनपालटून कामवाटप हे नियम त्यासाठीच आहेत. बदली माणूस खुर्चीत बसला की पावतीची तारीख आणि जमेची तारीख यांतले अंतर चार-दोन दिवसांत उघडे पडते.

बनावट पुरवठादाराची बिलेही अशीच बोलकी असतात. सहा महिन्यांच्या बिलांचे क्रमांक ४१, ४२, ४३ असे सलग येत असतील, तर त्या पुरवठादाराला दुसरे गिऱ्हाईकच नाही असा अर्थ निघतो. रकमा मंजुरीच्या मर्यादेच्या किंचित खाली असणे किंवा पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक वेतनपटातल्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या खात्याशी जुळणे, हे पुढचे धागे. मोठ्या विदेवर (डेटावर) बेनफर्डचा नियम लावतात. नैसर्गिकरीत्या जमलेल्या अनेक संख्यासमूहांत पहिला अंक १ असण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्के आणि ९ असण्याचे पाच टक्क्यांहून कमी असते. रकमा मनाने रचलेल्या असल्या की हे प्रमाण बिघडू शकते. अर्थात ही केवळ खूण आहे; तिला पुरावा समजण्याची घाई करू नये.

नियंत्रणाच्या चौकटींपैकी अमेरिकेतील कोसो समितीची १९९२ ची, २०१३ मध्ये सुधारलेली चौकट सर्वाधिक वापरली जाते. तिच्यात नियंत्रणाचे वातावरण, जोखमीचे मूल्यमापन, नियंत्रणाच्या कृती, माहितीची देवाणघेवाण आणि देखरेख असे पाच घटक आहेत. मात्र वरिष्ठांनीच नियम बाजूला सारले तर कोणतीही चौकट लंगडी पडते. वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीत चालू खर्च भांडवली, म्हणजे अनेक वर्षांवर विभागता येणारा, म्हणून दाखवून नफा फुगवला जात होता. २००२ मध्ये सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत लेखापरीक्षण पथकाने तो प्रकार उघडकीस आणला. त्याच वर्षी अमेरिकेत झालेल्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने नियंत्रणाच्या परिणामकारकतेची जबाबदारी व्यवस्थापनावर टाकली.

बहुतेकांना वाटते तितके गैरव्यवहार तपासणीतून सापडत नाहीत. प्रमाणित फसवणूक तपासनीसांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार ४३ टक्के प्रकरणे कोणीतरी दिलेल्या खबरीमुळे उघडकीस आली, आणि खबर देणाऱ्यांत निम्म्याहून अधिक कर्मचारीच होते. म्हणून नाव गुप्त राखणारी तक्रार व्यवस्था आणि तक्रारदाराला सूडापासून संरक्षण यांना नियंत्रणाचाच भाग मानले जाते.

तपास सुरू झाला की पहिले काम पुरावा जसाच्या तसा राखण्याचे. संगणकाची मूळ डिस्क न चाळता तिची हुबेहूब प्रत काढतात, दोन्हींचे हॅश मूल्य (मजकुरावरून गणिताने काढलेली, मजकूर जराही बदलला तर बदलणारी खूण) जुळवून पाहतात आणि पुरावा कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची नोंद ठेवतात. संशयिताची मुलाखत सहसा कागदपत्रे हाती आल्यावर, सर्वांत शेवटी घेतली जाते. अहवालात वस्तुस्थिती, रक्कम आणि नियंत्रणातली पळवाट मांडलेली असते. दोषी कोण हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा असल्याने लेखापरीक्षक तो शब्द वापरत नाही.