काउंटी पशुधन विस्तार प्रतिनिधी

अमेरिकेत राज्याच्या कृषी विद्यापीठाची विस्तार सेवा, म्हणजे शेतकऱ्यांना शास्त्रीय माहिती पोचवण्याचे काम, प्रत्यक्ष गोठ्यापर्यंत नेणारा कर्मचारी. काउंटी हा तिथला साधारण आपल्या जिल्ह्यासारखा, पण बहुधा त्याहून लहान प्रशासकीय घटक. ग्रामीण काउंटीत हा प्रतिनिधी मांसासाठी पाळलेल्या गाई, मेंढ्या, शेळ्या, डुकरे आणि त्यांचा चारा यांविषयी सल्ला देतो. तो पशुवैद्य नसतो, म्हणून निदान करून औषध लिहून देत नाही. त्याला दंड करण्याचा अधिकार नसतो आणि तो खाद्यही विकत नाही. पशुपालक त्याचे ऐकतात ते सल्ला खरा ठरतो म्हणून. त्यामुळे आधी मोजायचे आणि मग बोलायचे, हाच या कामाचा कणा आहे.

१८६२च्या मॉरिल कायद्याने जमिनीच्या अनुदानावर कृषी महाविद्यालये उभी राहिली आणि १८८७च्या हॅच कायद्याने प्रयोग केंद्रे आली. कृषितज्ज्ञ सीमन नॅप यांनी १९०३मध्ये टेक्सासमधील टेरेल येथे शेतकऱ्याच्याच शेतावर प्रात्यक्षिक करण्याची पद्धत रुजवली. ८ मे १९१४च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने तिला देशव्यापी रूप दिले. खर्च केंद्र, राज्य आणि काउंटी मिळून उचलतात.

वर्षातील बराच वेळ हिवाळ्यासाठी साठवलेल्या वाळल्या गवतावर जातो. गवताचा रंग आणि वास फसवे असतात, म्हणून नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. एकाच शेतातील एकाच कापणीचे गवत हा एक साठा धरतात. त्यातील सुमारे २० गठ्ठ्यांतून, ड्रिलला जोडलेल्या पोकळ नळीने ३० ते ४५ सेंमी खोलवरचे गवत काढतात. गोल गठ्ठ्यात नळी वक्र बाजूने घालतात, चौकोनी गठ्ठ्यात टोकाकडून. हाताने उपटलेली मूठ चालत नाही: पाने गळून पडतात, हातात काड्या उरतात आणि प्रथिने तर पानांतच जास्त असतात. अहवालात ‘आहे त्या स्थितीत’ आणि ‘शुष्क पदार्थावर’ (पाण्याचा अंश वगळून) असे दोन रकाने असतात. एकातला आकडा घेऊन दुसऱ्याच्या हिशेबाने खुराक ठरवणे ही नेहमीची चूक.

हिशेब असा. ५५० किलोची गाभण, आटलेली गाय वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे ११ किलो शुष्क पदार्थ खाते. तिला सुमारे ८ टक्के, म्हणजे ८८० ग्रॅम प्रथिने लागतात. गवतात ५.५ टक्केच असतील तर ६०५ ग्रॅम मिळतात. उरलेल्या २७५ ग्रॅमसाठी ३८ टक्के प्रथिनांची पेंड रोज ७२५ ग्रॅमच्या आसपास लागते. गवतातील प्रथिने ७ टक्क्यांच्या खाली गेली, की कोठीपोटातील (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीव मंदावतात, गवत पचायला वेळ लागतो आणि गाय खातेही कमी. पुढे गवताचा ढीग असूनही ती रोडावते, याचे कारण हेच.

गाईची अंगस्थिती १ (अगदी रोड) ते ९ (अतिलठ्ठ) या श्रेणीत मोजतात. विण्याच्या वेळी गाय ५वर आणि पहिलारू कालवड ६वर असावी. हिवाळ्यातील दाट केसांखाली बरगड्या दिसत नाहीत, म्हणून हाताने दाबून पाहणे भाग आहे. एक श्रेणी म्हणजे अंदाजे ३५ ते ४५ किलो. ही तपासणी विण्याच्या ९० दिवस आधी करायची, कारण व्यायल्यावर खाल्लेले दुधात जाते आणि अंग भरत नाही. गाभणकाळ सुमारे २८३ दिवसांचा. दरवर्षी वासरू हवे तर व्यायल्यापासून ८२ दिवसांत गाय पुन्हा गाभण राहायला हवी. रोड गाय तोवर माजावरच येत नाही. व्यायल्यावर येणारा ‘गाय का गाभण राहत नाही’ हा प्रश्न खरे तर तीन महिने आधीचा असतो.

अवर्षणात सर्वांत घाईचे फोन येतात ते ज्वारी आणि सुदान गवताबद्दल. इथे दोन विषे वेगळी ओळखणे अत्यावश्यक आहे. सायनाइड तयार करणारे द्रव्य कोवळ्या फुटव्यांत असते आणि गवत नीट वाळवले की ते विष बरेच उडून जाते. नायट्रेट खोडाच्या तळाच्या १५ ते २० सेंमीत साठते आणि वाळवल्याने मुळीच कमी होत नाही. ‘वाळवून घातले, आता धोका नाही’ या समजुतीने जनावरे दगावतात. नायट्रेटच्या बाधेत रक्त चॉकलेटी तपकिरी होते, सायनाइडमध्ये लालभडक. चिरलेल्या खोडावर डायफिनायलअमिनचा थेंब निळा पडला तर नायट्रेट आहे एवढेच कळते, किती ते नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी, आणि जनावराला लक्षणे दिसली तर लगेच पशुवैद्य.

शेळ्यामेंढ्यांत रक्त शोषणाऱ्या जंतांवर औषधे चालेनाशी झाली आहेत. म्हणून सगळ्या कळपाला सरसकट डोस न देता, खालच्या पापणीच्या आतील रंग पाच छटांच्या फामाचा तक्त्याशी ताडून ४ आणि ५ श्रेणीच्याच, म्हणजे पापणी फिकट पडलेल्या, जनावरांना डोस देतात. ही पद्धत दक्षिण आफ्रिकेत विकसित झाली. तक्ता भर उजेडात पाहावा. गोठ्याच्या सावलीत रंग चुकतो. डोस वजनावर हवा. नजरेने वजन कमी धरले की अर्धवट डोस बसतो आणि औषधाला दाद न देणारे जंत मागे उरतात. मेंढ्यांत डोसाआधी आणि १० ते १४ दिवसांनी लेंड्यांतील अंडी मोजतात. घट ९५ टक्क्यांहून कमी असेल तर त्या कळपात ते औषध निकामी होत चालले आहे असे समजावे.

मुलांच्या फोर-एच उपक्रमाचे पशुप्रकल्पही याच कार्यालयाकडे असतात. जनावराची मालकी वेळेत नोंदणे, वजन, इंजेक्शन मानेतच देणे आणि एका जागी १० मिलीपेक्षा जास्त न देणे, औषध दिल्यावर ठरलेला काळ जनावर कत्तलीला न पाठवणे हे सारे मुलांना वहीत लिहायला लावतात. मेंढी पाळणाऱ्या मुलाच्या गोठ्यातील क्षारमिश्रणाची पिशवी प्रतिनिधी स्वतः वाचतो. गाईंसाठीच्या मिश्रणातील तांबे मेंढीच्या यकृतात महिनोन्महिने साचत जाते आणि एखाद्या ताणाच्या दिवशी अचानक रक्तात उतरून तिला मारते.