खांदा आत किती फिरतो? एका मोजमापाची पार्श्वभूमी

सांध्यांची हालचाल अंशांत मोजण्याची निकड पहिल्या महायुद्धाने आणली. जखमी सैनिकांचे अपंगत्व आकड्यांत लिहायचे होते. पण सरळ सांधा कोणी १८० धरी, कोणी शून्य. १९३६ मध्ये शून्यापासून मोजायची पद्धत मांडली गेली आणि अमेरिकेत अस्थिशल्यविशारदांनी १९६५ मध्ये काढलेल्या पुस्तिकेने ती रुळली. कोपर-गुडघ्याचा घोळ तिथे मिटला. खांद्याचा मिटला नाही, कारण तिथे शून्ये दोन आहेत.

कोपर बरगडीला टेकवून काटकोनात वाकवा, पंजा समोर: हे पहिले शून्य. बाहेर फिरणे इथे छान मोजता येते, पण आत नेताना पोट आडवे येते. दुसऱ्यात पेशंट उताणा, दंड बाजूला ९० अंश, कोपर काटकोनात, पंजा छताकडे. इथे सर्वसाधारण खांदा बाहेर ९० आणि आत ७० अंश जातो. या दोन स्थितींतले आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत, तरी केसपेपरवर स्थिती लिहिलेली क्वचितच सापडते. दुसऱ्या स्थितीत खांद्याचा पुढचा भाग तळहाताने दाबून धरावा लागतो. नाहीतर खांद्याचे पाते पुढे झुकते आणि सांधा न फिरताच अंश वाढतात.

फ्रोझन शोल्डरमध्ये, म्हणजे खांदा आखडण्याच्या आजारात, दंड ९० अंश उचलतच नाही. त्यावर तोड म्हणून पाठीमागे हात नेण्याची चाचणी आली आणि खांदा तपासण्याच्या १९८७ च्या शंभर गुणांच्या तक्त्याने तिला प्रतिष्ठा दिली. हाताची मागची बाजू नितंबापर्यंत पोचली तर २ गुण, माकडहाडाच्या वरचे त्रिकोणी हाड कण्याला जुळते त्या सांध्यापर्यंत ४, कमरेला ६, बाराव्या पाठमणक्याला ८, दोन पात्यांच्या मध्ये १०. यंत्र लागत नाही, दहा सेकंदांत काम होते. शिवाय पेशंटची तक्रारही तीच असते: ब्लाउजचा हूक, मागच्या खिशातले पाकीट, पाठ घासणे.

खरी अडचण नावात आहे: या चाचणीला ‘आत फिरणे’ म्हणतात. या हालचालीत दंड मागे जातो, पाते झुकते, कोपर वाकतो. कोपर आखडलेल्या माणसाच्या खांद्याचे गुण विनाकारण कापले जातात. चाचणी ठेवावी, पण ‘पाठीमागे हात’ म्हणूनच नोंदवावी. तिला ‘आत फिरणे’ म्हणणे चुकीचेच.

पुढे बेसबॉलच्या पिचरांमुळे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंमुळे, प्रश्न नव्याने उभा राहिला. त्यांचा फेकीचा हात आत कमी फिरतो; सांध्याचे मागचे आवरण आखडले असे धरून सर्रास स्ट्रेचिंग दिले गेले. नंतर लक्षात आले, की लहानपणापासून फेकणाऱ्यांत दंडाच्या हाडाचा पीळच वेगळा राहतो. म्हणून आता दोन्ही दिशांची बेरीज पाहतात. फेकीचा हात बाहेर ११० आणि आत ५०, दुसरा ९० आणि ७०: दोन्हीकडे १६०. अशा खांद्याला ताण देऊन सैल करण्यासारखे काही नसते. बेरीजच कमी भरली, तर आवरण तपासावे.