डोंगर उडाला नाही, खचला

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात क्रेटर लेक नावाचं सरोवर आहे. आठ-दहा किलोमीटर रुंद, 594 मीटर खोल, भोवती सरळसोट कडे. सुमारे 7,700 वर्षांपूर्वीपर्यंत इथे मझामा हा 3,700 मीटरच्या आसपास उंचीचा ज्वालामुखी उभा होता. त्याचं शिखर गेलं कुठे? स्फोटात उडालं, असं कुणीही म्हणेल. पण तसं असतं तर जुन्या शिखराच्या दगडांचे ढीग आसपास सापडायला हवे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भूवैज्ञानिक जोसेफ डिलर यांना आणि पुढे हॉवेल विल्यम्स यांना हाच प्रश्न पडला. परिसरातली राख आणि प्युमिस (उद्रेकात फेकला जाणारा सच्छिद्र, हलका दगड) तपासली, तर ती बहुतेक सगळी ताज्या शिलारसाची निघाली. जुन्या खडकांचे तुकडे अगदीच थोडे. डोंगर वर गेलाच नव्हता, तो खाली गेला होता. अशा खचून तयार झालेल्या विस्तीर्ण खळग्याला काल्डेरा म्हणतात. (आपल्या लोणारचं सरोवरही गोल आहे, पण त्याचं कूळ वेगळं. ते अशनीच्या आघातानं झालेलं विवर आहे.)

ज्वालामुखीखाली काही किलोमीटरवर शिलारसाचा कोठा असतो. वरच्या खडकाचा भार बऱ्याच अंशी तो शिलारसच तोलून धरतो. उद्रेक सुरू झाला की कोठ्यातला दाब उतरू लागतो. थोडाच शिलारस बाहेर पडला तर काही बिघडत नाही. पण उपसा फार झाला की छताला आधार उरत नाही, त्यात वर्तुळाकार भेगा पडतात आणि आख्खं छत पिचकारीच्या दट्ट्यासारखं खाली सरकतं. मग उरलेल्या शिलारसावर वरून दाब येतो आणि तो त्याच भेगांमधून उसळतो. म्हणजे उद्रेकामुळे डोंगर खचतो आणि खचण्यामुळे उद्रेक आणखी भडकतो.

मझामाच्या राखेत या नाट्याचे दोन्ही अंक वाचता येतात. आधी एकाच तोंडातून उंच गेलेल्या राखेचे थर, त्यांच्यावर चहूबाजूंनी सुटलेल्या तप्त राखेच्या लोंढ्यांचे. उत्तरेच्या कड्यावर तर आणखी गंमत आहे. तिथे उद्रेकाच्या जरा आधी लाव्हा वाहिला होता. डोंगर खचला तेव्हा हा लाव्हा पुरता गोठलेला नव्हता, म्हणून त्याचा काही भाग उलटा फिरून काल्डेऱ्याच्या भिंतीवरून आत ओघळला. घटनांचा क्रम सांगणारा याहून चांगला साक्षीदार मिळणं कठीण.

खचण्यासाठी मोठा स्फोटच लागतो असंही नाही. 2018 मध्ये हवाईच्या किलाउएया ज्वालामुखीत शिलारस जमिनीखालून वाट काढत सुमारे 40 किलोमीटरवरच्या वस्तीत बाहेर पडला आणि त्यानं 700 हून अधिक घरं व इमारती गिळल्या. इकडे माथ्यावरचं लाव्हाचं तळं आटलं. मग मे ते ऑगस्ट या काळात काल्डेऱ्याचा तळ टप्प्याटप्प्यानं, 62 वेळा खचला. प्रत्येक वेळी पाचच्या आसपास तीव्रतेच्या भूकंपाइतकी ऊर्जा मोकळी व्हायची. सर्वांत खोल जागी तळ 500 मीटरहून जास्त खाली गेला. काठावरच्या वेधशाळेच्या इमारतीला तडे गेले, ती सोडावी लागली. पण काल्डेरा खचताना इतक्या बारकाईनं मोजण्याची संधी भूवैज्ञानिकांना क्वचितच मिळाली होती.

आकारानं मात्र हे सगळे सुमात्रा बेटावरच्या टोबा काल्डेऱ्यापुढे किरकोळ. टोबा सरोवर सुमारे 100 किलोमीटर लांब आणि 30 किलोमीटर रुंद आहे. शेवटचा महाउद्रेक साधारण 74,000 वर्षांपूर्वी झाला. त्यानंतर खालून पुन्हा शिलारसाचा दाब वाढला आणि खचलेला तळच वर उचलला गेला. सरोवरातलं सामोसिर बेट त्यातून झालं. त्याच्या अंगावर तळ्यातला जुना गाळ अजून सापडतो. टोबाची राख तर बंगालचा उपसागर ओलांडून भारतभर पसरली. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी इथे तिचा थर आहे, आणि त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही मिळाली आहेत.