क्षमा ख्रिस्ती माणसाच्या रक्तातच असते?

‘ख्रिस्ती माणसाचं काय, एका गालात मारली की दुसरा पुढं करतो. स्वभावच मऊ!’ जालन्याकडं हे मी लहानपणापासून ऐकतोय. साफ चूक. बांध कोरला की आमचीही तळपायाची आग मस्तकात जाते.

क्षमा येते ती स्वतःचं कर्ज देवानं सोडलं या जाणिवेतून. बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात, येशूनं सांगितलेल्या गोष्टीत राजा चाकराचे 10,000 टॅलंट माफ करतो, आणि तोच चाकर बाहेर पडून 100 दिनारांसाठी सोबत्याची मानगूट धरतो. दिनार म्हणजे दिवसाची मजुरी, टॅलंट म्हणजे सुमारे 6,000 दिनार. म्हणजे 6 कोटी दिवसांची उचल! ऊसतोडीला जाणाऱ्याला हा हिशेब समजवावा लागत नाही.

आमची आई रोज संध्याकाळी येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायची. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ या ओळीत ‘ऋण्यांस’पाशी आली की चुलत्याचा बांध आठवायचा. थांबायची. डोळे मिटलेले, पदर मुठीत. ‘देवा, तूच सोडवून घे माझ्याकडून’, एवढंच पुटपुटायची. कित्येक महिने चाललं हे.

आणि क्षमा म्हणजे गप्प बसणं नव्हे. बायबलातलंच लूक 17:3 चुकणाऱ्याला आधी दटावायलाच सांगतं. आईनं सरकारी मोजणी करून घेतलीच. मोजणीच्या दिवशी चुलत्यालाही ताट वाढलं.