मॅनेजमेंट सर्व्हर बुडाला, तरी खाती शाबूत

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 40 फुटांची इशारा पातळी गाठली की पुराच्या बातम्यांच्या जोडीला अफवाही निघतात. ‘त्या संस्थेचा सर्व्हर पाण्यात गेला, आता खाती गेली’ ही त्यातलीच एक. तिच्यात खात्यांच्या नोंदी साठवणारं यंत्र आणि त्याला आदेश देणारा मॅनेजमेंट सर्व्हर, अशा दोन वेगळ्या यंत्रांची गल्लत होते, आणि लोक विनाकारण हवालदिल होतात.

मोठ्या संस्थांचा डेटा बहुधा स्टोरेज अ‍ॅरेमध्ये असतो. त्यात भरपूर डिस्क आणि त्यांचा कारभार बघणारे दोन कंट्रोलर. आलेली नोंद एक कंट्रोलर आपल्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या वेगवान स्मृतीत, घेतो, तिची प्रत जोडीदाराच्या कॅशमध्ये ठेवतो आणि मगच ‘पोचली’ असं कळवतो. डिस्कवर ती मागाहून उतरते. दरम्यान वीज गेली तर कॅश जपायला बॅटरी असते. या सगळ्या वाटेवर मॅनेजमेंट सर्व्हर कुठेच येत नाही. नवी व्हर्च्युअल डिस्क (अनेक डिस्कमधली जागा मिळून केलेला एक कप्पा) तयार करणं, ती कोणत्या सर्व्हरला दिसावी ते ठरवणं, बिघाडावर नजर ठेवणं, एवढंच त्याचं काम. कोयनेच्या नियंत्रण कक्षातला माणूस उठून गेला म्हणून शिवसागरातलं पाणी आटत नाही, तसंच हे. अ‍ॅरेच बुडाला तर मात्र दुसऱ्या गावी ठेवलेली प्रतच कामी येते.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. कॉम्पॅकनं आणलेला आणि 2002 च्या विलीनीकरणानंतर एचपीकडे आलेला ईव्हीए हा अ‍ॅरे घ्या. त्याचे आदेश ‘कमांड व्ह्यू’ या सॉफ्टवेअरमधून जातात. ते दोन सर्व्हरवर बसवता येतं, पण एका वेळी एका अ‍ॅरेचा कारभार एकाच सर्व्हरकडे. दुसऱ्याला अ‍ॅरे दिसतो, पण त्यात बदल करता येत नाही. हे बंधन नसतं तर एकानं डिस्क वाढवायला घ्यावी आणि त्याच वेळी दुसऱ्यानं तीच पुसावी, असा घोळ झाला असता. पहिला सर्व्हर पडला की दुसऱ्यावर बसून ‘या अ‍ॅरेचा कारभार माझ्याकडे’ असं सांगायचं. कोणती डिस्क कुणाची, ही सारी मांडणी अ‍ॅरेच्याच काही डिस्कवर लिहिलेली असते. नवा कारभारी ती वाचतो आणि कामाला लागतो. तोवर कॅशिअरच्या खिडकीवर पैसे घेणं-देणं चालूच असतं.

त्यासाठी तयारी आधीच हवी. अ‍ॅरे आणि सर्व्हर जोडणाऱ्या फायबर चॅनल स्विचच्या झोनिंगमध्ये, म्हणजे कोणाला कोण दिसावं या नेमणुकीत, दुसऱ्या सर्व्हरला दोन्ही कंट्रोलर दिसले पाहिजेत. कंट्रोलरवर पासवर्ड ठेवला असेल तर तोही माहीत हवा, कारण तो कंट्रोलरच्या पुढच्या छोट्या पॅनलवर बटणं दाबून, एकेक अक्षर निवडत भरलेला असतो. पहिला सर्व्हर जिवंत असेल तर त्यावर अर्धवट चाललेलं काम आधी संपू द्यावं.

सर्व्हर रूमच्या दाराला लिंबू-मिरची बांधलेली मी पाहिली आहे. डॉ. दाभोलकरांच्या साताऱ्याला लागून असलेल्या जिल्ह्यात हे बघून वाईट वाटतं. त्या दोऱ्यापेक्षा दारामागं लावलेला झोनिंगचा कागद कितीतरी जास्त रक्षण करतो. खंडेनवमीला पूजा जरूर करा, फक्त हळदीकुंकवाची पूड पंख्यांपासून लांब ठेवा.

कारभार बदलला तरी एक गोष्ट आपोआप येत नाही: बिघाडाची सूचना कोणाच्या ईमेलवर जावी, ही यादी. ती जुन्या सर्व्हरवरच राहते. नव्यावर ती भरून घेतली नाही, तर कॅशची बॅटरी मरते तेव्हा कोणालाच मेल येत नाही.