लाडू दगड झाले? गूळ परत आणण्याआधी एवढं वाचा

दरवर्षी १४ जानेवारीच्या आगेमागे आमच्या काउंटरवर तोच संवाद होतो. डबा उघडून लाडू पुढे केला जातो, "बघा, खलबत्त्यानं फोडावा लागतोय. गूळच खराब तुमचा." आम्ही विचारतो, "मुलांना घेऊन केले होते का?" बहुतेक वेळा उत्तर 'हो' असतं.

गुळात खोट नसते. खोट असते त्या तीन मिनिटांत.

तुम्ही चिक्कीचा गूळ नेता, कारण कोणीतरी 'तिळाला चिक्कीचाच गूळ लागतो' असं सांगितलेलं असतं. कढईत पाक होतो, वाटीतल्या पाण्यात थेंब टाकला की मऊ गोळी वळते. लाडवाला हाच पाक हवा. तेवढ्यात तुम्ही हाक मारता, "चला, हात धुऊन या!" एकाला टॉवेल सापडत नाही, दुसऱ्याला आधी चव बघायची असते. इकडे गॅस चालूच. पाकातलं पाणी उडत जातं तसा तो तापत जातो. मऊ गोळीच्या वेळी साधारण ११५ अंशांवर असलेला पाक १४५-१५० पर्यंत गेला, की थेंब ताटलीवर 'टण्ण' वाजतो. ही चिक्की झाली, लाडू नाही. गॅस बंद केला तरी गरम कढईत तो थोडा पुढे जातोच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा गरम असतो आणि कातडीला चिकटून बसतो. मिश्रण वरून निवल्यासारखं दिसतं, आत मात्र चटका देण्याइतकं गरम असतं. मोठी माणसं पाण्याचा हात लावून भराभर वळतात. सात वर्षांच्या मुलाच्या हातात तो गोळा देऊ नका.

मुलांबरोबर करायचे असतील तर बिनपाकाचे करा. त्यासाठी चिक्कीचा नको, साधा मऊ गूळ न्या. आम्ही काउंटरवर "लाडू पाकाचे की बिनपाकाचे?" असं विचारतो ते याचसाठी. उगाच चौकशी करतो असं काहींना वाटतं, वाटू दे.

दोन वाट्या तीळ मंद आचेवर, तडतडायला लागेपर्यंत भाजा. हे काम मोठ्यांचं. एक वाटी भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं काढून कूट करा. सालं चोळून फुंकर मारायचं काम मुलांना द्या, ओट्यावर मात्र देऊ नका, अंगणात किंवा गॅलरीत द्या. दीड वाटी गूळ किसून घ्या. तीळ कोमट असतानाच मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, भरड झाले की कूट, गूळ आणि वेलची घालून आणखी दोनदा फिरवा. तिळाच्या वजनाच्या जवळपास निम्मं तेलच असतं. ते थोडं सुटलं की मिश्रण मुठीत धरून राहतं, पाकाची गरजच पडत नाही. फार फिरवलंत तर मात्र चटणीसारखा तेलकट लगदा होतो. नाहीच वळले तर चमचाभर पातळ तूप घाला, पाणी घालू नका.

आता परात जमिनीवर ठेवा आणि मुलांना बसवा. लहान लिंबाएवढे पंचवीस-तीस लाडू होतात. काही चपटे, काही शंकराच्या पिंडीसारखे होतील. आमच्या घरचेही तसेच होतात. शाळेत वाटायचे असतील तर आधी बाईंना विचारा, कारण तीळ आणि दाणे दोन्ही काही मुलांना चालत नाहीत.

दगड झालेच असतील तर टाकू नका. कुटून भुगा करा आणि गरम पोळीवर तुपाबरोबर भुरभुरा. मिश्रण अजून कढईतच असेल तर चमचाभर पाणी शिंपडून मंद आचेवर ठेवा, ते सैल होतं.

"गूळ काळपट का?" हेही विचारलं जातं. रस उकळताना मळी काढायला गुऱ्हाळात भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरतात, तसाच गूळ आम्ही घेतो. पिवळाधमक दिसावा म्हणून रसायन मारलेला आम्ही ठेवत नाही. त्यामुळे रंगाची तक्रार ऐकून घेतो, पण फोडलेली ढेप परत घेत नाही. गुळाला हवेतला ओलावा लगेच लागतो आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला देणं आम्हाला पटत नाही.

किसायचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी किसलेला साधा गूळ आणि भाजलेले तीळ अर्ध्या अर्ध्या किलोच्या पाकिटात मिळतात. भोगीच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि किसलेला गूळ दुपारपर्यंत संपतो. आदल्या दिवशी सांगून ठेवलंत तर तुमच्या नावाचं पाकीट बाजूला काढून ठेवू.